ऐंशी रुपयांची उसनवारी



१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत, गिरगावातल्या लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. गुजराती कुटुंबांतल्या, शिक्षण बेताचे. घरखर्चाला चार पैशांचा हातभार लागावा एवढाच हेतू. पीठ, मसाला आणि किरकोळ सामानासाठी ऐंशी रुपये लागत होते. ते त्यांनी छगनलाल करमशी पारेख यांच्याकडून उसने घेतले. पारेख हे भारत सेवक समाजाचे सभासद. बायका त्यांना छगनबापा म्हणत. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली आणि ती भुलेश्वरातल्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याने ठेवून घेतली.

लिज्जत पापडाची ही जन्मकथा आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. मी ती पुन्हा सांगते आहे ती तिच्यातल्या एका शब्दासाठी. ते ऐंशी रुपये उसने होते. छगनबापांना ते देऊन टाकता आले असते आणि बायकांनी ते आनंदाने घेतलेही असते. पण मग दुसऱ्या महिन्यात पुन्हा ऐंशी लागले असते आणि बायका पुन्हा त्यांच्याच दारात उभ्या राहिल्या असत्या. उसने घेतले म्हणून ते फेडायचे होते, फेडायचे म्हणून पापड विकायचे होते आणि विकायचे म्हणून ते चांगले करायचे होते.

छगनबापांनी पैशाबरोबर आणखी दोन गोष्टी दिल्या. सुरुवातीला बायका दोन प्रतींचे पापड करत, एक चांगल्या प्रतीचा आणि एक हलका, स्वस्तात विकायचा. बापांनी सांगितले की एकच प्रत ठेवा आणि ती चांगली ठेवा. आणि पहिल्यापासून हिशेब चोख ठेवायला लावला. बायकांनीही एक नियम करून टाकला की तोटा आला तरी देणगी मागायची नाही. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, चार महिने काम बंद पडले. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. वर खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. पावसाळ्यातही काम चालू राहिले. १९६६ साली संस्था रीतसर नोंदली गेली आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाने तिला मान्यता देऊन आठ लाख रुपयांचे खेळते भांडवल दिले. ऐंशी रुपयांपासून आठ लाखांपर्यंत सात वर्षे लागली. आजही सकाळी केंद्रावरून भिजवलेले पीठ घरी न्यायचे, लाटलेले पापड आणून द्यायचे आणि वणाई, म्हणजे लाटणावळ, हातात घ्यायची ही रीत चालू आहे. पापड लाटणारी प्रत्येक बाई तिथे मालकीण आहे, नफ्यातोट्याची भागीदार आहे.

आजच्या व्याख्यानाचा विषय आहे दानधर्म आणि समाजोद्योग. समाजोद्योग हा शब्द मी सोशल एंटरप्राइझ या अर्थाने वापरते आहे. असा उद्योग, जो बाजारात उभा राहून माल किंवा सेवा विकतो, पण ज्याचे मोजमाप मालकाच्या खिशात काय पडले यावर होत नाही, ज्यांच्यासाठी तो निघाला त्यांच्या घरात काय बदलले यावर होते. अशा उद्योगाला दात्याचा पैसा लागतो का? लागतो. माझे म्हणणे एवढेच की दात्याच्या पैशाचे खरे काम एकच आहे. जी जोखीम बँक घेत नाही, व्यापारी घेत नाही आणि सरकारी योजनेच्या रकान्यात बसत नाही, ती जोखीम अंगावर घेणे. कायमचा तोटा भरत राहणे हे त्याचे काम नव्हे आणि लाभांशाची वाट पाहणे तर नव्हेच.

हे मला पुस्तकांतून उमगले नाही. बारा वर्षे मी एका लहान न्यासाच्या निवड समितीवर होते. एकदा आम्ही मराठवाड्यातल्या एका गावी महिला बचत गटाला मिरची-मसाल्याचे कांडप यंत्र दिले. मोठ्या आस्थेने दिले. उद्घाटन झाले, नारळ फुटला, भिंतीवर न्यासाच्या नावाची पाटी लागली. दोन वर्षांनी मी त्या गावी पुन्हा गेले तेव्हा यंत्रावर रिकामी पोती टाकलेली होती. गटाच्या खजिनदार बाई मला म्हणाल्या, "ताई, यंत्र तुमचं आलं, पण मिरची कुणाची आणायची?"

त्या एका वाक्यात सगळा ताळेबंद होता. मिरची उन्हाळ्याच्या तोंडाशी स्वस्त असते, तेव्हा ती वर्षाची भरून ठेवावी लागते. त्याला एकरकमी पैसा हवा. मसाला दुकानात ठेवला की दुकानदार दोन-दोन महिने पैसे देत नाही. तोवर गट चालवायला पैसा हवा. तालुक्याच्या बाजारात फिरून माल लावणारे एक माणूस हवे, त्याला पगार हवा. यातल्या कशासाठीही आमच्या अर्जाच्या नमुन्यात जागा नव्हती. यंत्राला होती, कारण यंत्राचा फोटो निघतो आणि यंत्रावर पाटी लावता येते. खेळत्या भांडवलावर पाटी लावता येत नाही. चूक आमची होती, त्या बायकांची नव्हती. ती चूक मी आजही अनेक दात्यांच्या हातून होताना पाहते.

आपल्या महाराष्ट्रात या प्रश्नाचा विचार फार आधी झालेला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना मांडली. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्या निधीतून देशी उद्योगाला बळ द्यायचे. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले. या निधीतून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. जपानमध्ये काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे आले. हा कारखाना शाळाही होता. भट्टीपुढे उभे राहून मुलांनी काच फुंकायला शिकायचे आणि बाहेर पडून हे काम दुसरीकडे न्यायचे, हा त्याचा मूळ हेतू. वार्ष्णेय स्वतः पुढे उत्तर भारतात गेले आणि बहजोईला त्यांनी काच कारखाना काढला.

मला यातले जे फार मोलाचे वाटते ते असे. एक पैसा देणाऱ्याला परतावा मिळणार नव्हता, म्हणजे ते दानच होते. पण ते दान अन्नछत्राला गेले नाही, भट्टीला गेले. काचेची भट्टी पेटवायची म्हणजे माल खराब निघणार, कारागीर शिकेपर्यंत पुष्कळ फुटणार. तो फुटण्याचा काळ कोणी सोसायचा? सावकार सोसणार नव्हता. तो हजारो लोकांच्या पैशा-पैशाने सोसला. शिकण्याच्या काळातला तोटा वाटून घेणे हे दानाचे अतिशय प्रतिष्ठेचे काम आहे आणि आपल्या लोकांना ते शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कळले होते.

आता आणंदला जाऊ. १९४६ साली खेडा जिल्ह्यातल्या दूधउत्पादकांनी त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली संघ काढला. त्यांचे दूध मुंबईला येत होते, म्हणजे या गोष्टीत मुंबईचा ग्राहक पहिल्यापासून आहे. हिवाळ्यात दूध वाढे आणि वाढलेले दूध मुंबई उचलत नसे. त्याची भुकटी करायला कारखाना हवा होता. १९५५ साली तो उभा राहिला तेव्हा युनिसेफने यंत्रसामग्री दिली आणि बदल्यात जिल्ह्यातल्या गरीब मुलांना मोफत दूध द्यायची अट घातली. ही अट नीट पाहण्यासारखी आहे. युनिसेफने पैशात परतफेड मागितली नाही, दुधात मागितली. मुलांना दूध वाटणे हा तिचा हेतू होता आणि तो साधण्यासाठी भुकटीचे डबे परदेशातून पाठवत राहण्याऐवजी दूध तयार करणाऱ्यांच्याच हातात यंत्र देणे तिने पसंत केले.

यापेक्षा मोठी कसोटी १९७० साली आली. युरोपातल्या देशांकडे दूधभुकटी आणि लोण्याचा साठा पडून होता. तो जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत भारताला मदत म्हणून मिळणार होता. फुकट वाटला असता तर शहरातला ग्राहक खूश झाला असता आणि खेड्यातला दूधवाला उठला असता, कारण फुकट दुधाशी स्पर्धा कोण करणार? आणंदच्या वर्गीस कुरियन यांना हा धोका स्पष्ट दिसत होता. त्यांनी आणि राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने वेगळा मार्ग काढला. १ लाख २६ हजार टन भुकटी आणि ४२ हजार टन बटरऑइल घ्यायचे, मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि मद्रास या चार शहरांतल्या दुग्धशाळांत त्याचे दूध करून ते योग्य भावाने विकायचे आणि आलेला पैसा गावोगावच्या दूध संघांसाठी वापरायचा. पहिल्या टप्प्यात अशा रीतीने शंभर कोटींहून अधिक रुपये उभे राहिले. त्यातून शीतकरण केंद्रे, पशुखाद्याचे कारखाने, दुधाचे टँकर आणि दुग्धशाळा झाल्या. गावचे दूध जसजसे वाढत गेले तसतशी भुकटीची गरज कमी होत गेली.

दानाने आलेली वस्तू विकून भांडवल उभे करणे हे पुष्कळांच्या कानाला खटकते. त्या काळीही खटकले, टीका झाली. मला मात्र त्यात दात्याच्या पैशाचा सर्वांत आदरपूर्वक केलेला वापर दिसतो. कारण त्याने घेणाऱ्याच्या मालाचा भाव पाडला नाही. दान देताना आपण एक गोष्ट नेहमी विसरतो. ज्या गावात आपण शंभर मोफत वह्या वाटतो, त्या गावात एक वह्यांचे दुकानही असते.

मदुराईला अरविंद नेत्र रुग्णालय आहे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी सरकारी सेवेतून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले आणि १९७६ साली त्यांनी अकरा खाटांचे रुग्णालय काढले. संधिवाताने त्यांची बोटे वाकडी झाली होती आणि त्या बोटांनी ते शस्त्रक्रिया करत. ज्यांना परवडते त्यांनी पैसे द्यायचे, ज्यांना परवडत नाही त्यांच्यावर मोफत किंवा अगदी अल्प दरात उपचार व्हायचे आणि डॉक्टर तेच असायचे, हा त्यांचा नियम. हे गणित सुटले, पण पुढे भिंगापाशी अडले. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात बसवायचे भिंग परदेशातून येई आणि त्याची किंमत शंभर डॉलरच्या घरात. परदेशी हितचिंतक काही भिंगे भेट म्हणून पाठवत. ती कधी येत, कधी संपत. गरीब रुग्णाच्या वाट्याला जाड काचांचा चश्माच येई.

इथे सेवा फाउंडेशनसारख्या दात्या संस्थांनी जे केले ते या विषयात रस असलेल्या प्रत्येकाने समजून घ्यावे. त्यांनी भिंगे पाठवत राहण्याऐवजी भिंगे करण्याचे तंत्र आणून द्यायला मदत केली. १९९२ साली ऑरोलॅब सुरू झाले आणि तेच भिंग दहा डॉलरच्या आसपास मिळू लागले. पुढे किंमत आणखी उतरली. आज ऑरोलॅबचा माल शंभराहून अधिक देशांत जातो आणि अरविंदची गाडी दात्यांच्या कृपेवर अवलंबून नाही. दात्याने एकदाच पैसा घातला, तोही अशा जागी, जिथे तो घातल्यावर पुन्हा घालावा लागणार नव्हता. रुग्णालयाची इमारत बांधून दिली असती तर पाटी मोठी लागली असती. भिंगाच्या किमतीवर कुणाचे नाव कोरता येत नाही.

आता आपल्या मातीतले उदाहरण. सातारा जिल्ह्यातला माण तालुका. पावसाचा तुटवडा तिथे पिढ्यान्‌पिढ्यांचा. म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांनी गावच्या बायकांची बँक काढायचे ठरवले. निमित्त झाली रस्त्याकडेला राहून लोहारकाम करणारी एक बाई. पावसाळ्याआधी घरावर घालायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा म्हणून तिला रोज थोडे पैसे साठवायचे होते आणि कोणतीही बँक तिचे खाते उघडायला तयार नव्हती. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक बायकांपैकी काहींनी सहीच्या जागी अंगठे उठवले होते. बायका परत आल्या, लिहायवाचायला शिकल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा मुंबईला गेल्या. तिथे त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितले की कोणत्याही रकमेचे व्याज आम्हाला तोंडी काढायला सांगा, आणि तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

ही जिद्दीची गोष्ट सगळीकडे सांगितली जाते आणि ती सांगायलाच हवी. पण मला त्या रचनेबद्दल बोलायचे आहे, जिच्याकडे कमी लक्ष जाते. म्हसवडला दोन संस्था शेजारी शेजारी उभ्या आहेत. एक बँक आणि एक फाउंडेशन. बँक ठेवी घेते, कर्ज देते, व्याज घेते, थकबाकी वसूल करते. तिला रिझर्व्ह बँकेचे सगळे नियम लागू. फाउंडेशन देणग्या घेते आणि त्या पैशातून बायकांना धंद्याचे शिक्षण देते, गावोगाव फिरणारी उद्योगशाळेची बस चालवते, सामुदायिक रेडिओ चालवते. दुष्काळ पडला तेव्हा म्हसवडला जनावरांची छावणी उभी राहिली, तिचा भार फाउंडेशनने उचलला.

या दोन खिशांची गरज का पडते ते पाहा. पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्या बाईला हिशेब शिकवायचा, बाजारभाव शिकवायचा, फोनवर पैसे पाठवायला शिकवायचे, तर हा खर्च तिच्या दोन-पाच हजारांच्या कर्जाच्या व्याजातून निघत नाही. तो बँकेवर टाकला तर बँक एकतर बुडेल किंवा व्याज वाढवील. तो दात्याने उचलला तर बँक बँक म्हणून नीट चालते. आणि दुष्काळात त्या बाईची म्हैस वाचली नाही तर कर्जही बुडते, बाईही बुडते. छावणी हे दान होते आणि त्या दानाने एका बँकेचा पाया सांभाळला. दात्याच्या पैशाची आणि धंद्याच्या पैशाची सीमारेषा कुठे आखावी हे मला जितके म्हसवडला स्पष्ट दिसले तितके कुठल्याही व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात दिसले नाही.

पैसा न देताही पैशाचे काम करता येते, तेही सांगितले पाहिजे. बांगलादेशात चितगावजवळ जोब्रा गावी १९७६ साली मुहम्मद युनूस यांनी बेचाळीस माणसांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवण्यासाठी स्वतःच्या खिशातून सत्तावीस डॉलरच्या आसपास रक्कम दिली. तिथेच थांबले असते तर ते एका प्राध्यापकाचे भले कृत्य म्हणून संपले असते. पुढचे पाऊल महत्त्वाचे होते. ते जनता बँकेत गेले आणि गरिबांच्या कर्जाला आपण स्वतः जामीन राहिले. कर्ज बँकेचे, हमी त्यांची. बहुतेक सगळ्यांनी पैसे फेडले आणि जामिनावर बोजा आला नाही. दात्याचा एक रुपया तारण म्हणून ठेवला तर बँकेचे कित्येक रुपये गरिबाकडे वळतात, हे तिथून जगाला कळले.

कर्नाटकात हरीश हांडे यांनी १९९५ साली सेल्को ही कंपनी काढून खेड्यांत सौर दिवे पोचवायला सुरुवात केली. ते एका फेरीवालीचे बोलणे नेहमी सांगतात. महिन्याला तीनशे रुपये तिला जड जात होते, पण रोजचे दहा रुपये ती देऊ शकत होती. रक्कम तीच. तिची कमाई रोजची होती, हप्ता महिन्याचा होता. अशा ठिकाणी बँकेला ग्राहकाने आधी भरायची जी रक्कम हवी असते, ती जर दात्याने पुढे केली, तर उरलेले कर्ज बँक देते. दानाची रक्कम लहान असते, पण ती दार उघडते.

एवढे सगळे चांगले सांगितल्यावर दुसरी बाजू झाकून ठेवणे मला पटत नाही. हैदराबादच्या एसकेएस या सूक्ष्मवित्त संस्थेची सुरुवात ना-नफा तत्त्वावर झाली होती. देणगीदारांच्या पैशावर तिने गरीब बायकांना कर्जे द्यायला प्रारंभ केला. पुढे ती कंपनी झाली, गुंतवणूकदार आले आणि ऑगस्ट २०१० मध्ये तिचे शेअर बाजारात आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आंध्र प्रदेश सरकारने सूक्ष्मवित्त कंपन्यांच्या वसुलीला लगाम घालणारा अध्यादेश काढला. वसुलीच्या जाचाच्या आणि कर्जबाजारी बायकांच्या आत्महत्यांच्या बातम्या येत होत्या. साऱ्या राज्यात परतफेड थांबली. चांगले काम करणाऱ्या लहान संस्थाही त्यात होरपळल्या.

माझा निवाडा असा आहे. ज्या उद्योगात आरंभीची जोखीम दात्यांनी सोसली, त्याचा पुढचा नफा मोकाट सुटता कामा नये. कागदावरच बांधून ठेवले पाहिजे की वाढलेल्या मोलाचा मोठा वाटा ज्यांच्यासाठी उद्योग निघाला त्यांच्याकडेच राहील. लिज्जतमध्ये पापड लाटणारी मालकीण आहे, आणंदमध्ये दूध घालणारा मालक आहे, म्हसवडच्या बँकेत सभासद बाई मालकीण आहे. ज्या ठिकाणी मालकी गरिबाच्या हातात राहिली तिथे दान रुजले. जिथे ती दूरच्या गुंतवणूकदाराकडे गेली तिथे गरीब पुन्हा ऋणको होऊन बसला. दात्याने पैसा देताना हा एक प्रश्न विचारायलाच हवा: दहा वर्षांनी हे कोणाच्या मालकीचे असेल?

कायद्याबद्दल थोडक्यात बोलते, कारण इथे पुष्कळ विश्वस्त बसलेले आहेत आणि त्यांच्या मनात तोच विचार चालू असणार. अडचणी खऱ्या आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधल्या कलम ३५ ने न्यासाचा पैसा कुठे गुंतवावा यावर बंधने घातली आहेत आणि आयकर कायद्याचीही स्वतःची यादी आहे. त्यामुळे एखाद्या होतकरू समाजोद्योगाचे शेअर घेणे न्यासाला साधारणपणे शक्य नाही. न्यासाला स्वतः कर्ज काढायचे तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले. सीएसआरचा हा पैसा पुष्कळ आहे, पण तो वर्षाच्या चौकटीत अडकतो. चालू प्रकल्प म्हणून पुढे न्यायचा म्हटला तरी आरंभीचे वर्ष सोडून तीनच वर्षे मिळतात. लिज्जतला ऐंशी रुपयांपासून नोंदणीपर्यंत सात वर्षे लागली होती. अमेरिकेत १९६९ च्या करकायद्यापासून प्रतिष्ठानांनी आपल्या ध्येयासाठी दिलेले कर्ज किंवा घेतलेले शेअर धर्मादाय खर्चातच धरतात. आपल्याकडेही तशी मोकळीक, कडक देखरेखीसह, मिळाली पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे. सामाजिक शेअर बाजार सुरू झाला आहे, ते चांगलेच झाले. पण तालुक्याच्या गावातल्या संस्थेला त्याचे कागद झेपायला अजून वेळ लागेल.

तोवर कायद्यात राहूनही पुष्कळ करता येते. जमशेटजी टाटा यांनी १८९२ साली परदेशी उच्चशिक्षणासाठी जो निधी ठेवला तो कर्जाऊ शिष्यवृत्तीचा. एक विद्यार्थी शिकून येतो, पैसे परत करतो, ते पुढच्याच्या कामी येतात. आपल्याकडच्या कितीतरी ज्ञातिसंस्था पिढ्यान्‌पिढ्या कर्जाऊ शिष्यवृत्त्या देत आल्या आहेत. विद्यार्थ्याला जे चालते ते मसाला करणाऱ्या गटाला का चालू नये? न्यासाने एखाद्या नोंदणीकृत ना-नफा संस्थेला फिरत्या निधीसाठी अनुदान द्यायचे आणि त्या संस्थेने तो गटांना खेळते भांडवल म्हणून द्यायचा. हंगामात मिरची भरायची, दिवाळीनंतर पैसे परत करायचे, पुढच्या हंगामात दुसऱ्या गावाला द्यायचे. काही रक्कम बुडेल. ती बुडीत धरूनच निधी ठरवायचा, कारण बुडण्याची तयारी असलेला पैसा फक्त आपल्याकडेच आहे.

त्या मराठवाड्यातल्या गावाला आम्ही नंतर साठ हजार रुपये असेच दिले. यंत्राच्या किमतीच्या मानाने ती रक्कम लहान होती. खजिनदार बाईंनी ती फेब्रुवारीच्या शेवटी मिरचीत घातली. पहिल्या वर्षी पैसे पूर्ण परत आले नाहीत, अकरा हजार राहिले. समितीत त्यावर बराच वाद झाला. मी तेव्हाही म्हटले आणि आजही म्हणते की ते अकरा हजार आमच्या न्यासाने केलेल्या सर्वांत चांगल्या खर्चांपैकी एक होते. दुसऱ्या वर्षी त्या बायकांनी परळीच्या बाजारात उधारी बंद केली आणि मागच्या बाकीसकट सगळे फेडले.

या सभागृहात अनेक न्यासांचे, मंडळांचे आणि देवस्थानांचे विश्वस्त आहेत. मार्चअखेर जवळ येईल, अंदाजपत्रकाची सभा भरेल, देणग्यांची यादी पुढे येईल. माझी तुम्हाला विनंती आहे की या वर्षी त्या यादीतल्या दर दहा रुपयांतला एक रुपया वेगळा काढा आणि तो फिरत्या निधीसाठी ठेवा. ज्या गटाला गेल्या वर्षी यंत्र दिले, त्या गटाकडे स्वतः जा आणि त्यांना विचारा की मिरची कुणाची आणताय. उत्तर ऐकल्यावर मगच ठराव लिहा.